नोटीस बोर्डाची किल्ली

सोसायटीचं सेक्रेटरीपद कुणी हौसेने मागून घेत नाही, ते गळ्यात पडतं. माझ्या गळ्यात पडलं फेब्रुवारी २०२०मध्ये. आधीचे सेक्रेटरी मुलाकडे नाशिकला राहायला गेले होते, आणि एमटीएनएलमधून ३१ जानेवारीला हजारो जणांनी एकदम व्हीआरएस घेतली त्यांच्यात मी होते. “आता ताई घरीच असतात,” असं कमिटीत कुणीतरी म्हणालं आणि ठराव मंजूर झाला. मुलुंड पूर्वेला आमची दोन विंगची, सात मजली, जुनी बिल्डिंग. चार्ज म्हणून मला फाइलींचं एक कपाट, सोसायटीचा रबरी शिक्का आणि खालच्या काचेच्या नोटीस बोर्डाची एवढीशी किल्ली मिळाली.

टेलिफोनच्या तक्रार विभागात मी उमेदीची वर्षं काढली आहेत. १९८ला फोन करून तोंडाला येईल ते बोलणारे मुंबईकर मी रोज ऐकलेत. माणूस तोंडाने सांगतो एक आणि त्याला खुपत असतं दुसरंच, हे त्या खुर्चीत बसून चांगलं कळतं. निवृत्तीनंतर या शिक्षणाचा इतक्या लवकर उपयोग होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

पहिली नोटीस होळीची लावली. ९ मार्च, सोमवार. खाली होळी पेटली, नारळ पडले, पोरांनी मनसोक्त बोंब मारून घेतली, आणि त्याच रात्री पुण्यात कोरोनाचे दोन रुग्ण सापडल्याची बातमी आली. दुबईला टूरवर जाऊन आलेलं जोडपं. दोन दिवसांनी, ११ तारखेला, मुंबईत दोघे सापडले, तेही त्याच टूरमधले. तोवर हा आजार चीनचा होता, मग इटलीचा झाला होता. दुबई म्हटल्यावर तो एकदम ओळखीतला झाला, कारण दुबईला आमच्याकडचंही कुणी ना कुणी जाऊन येतंच.

ए-६०२वाले फेब्रुवारीच्या शेवटी दुबई करून आले होते. टूर वेगळी, पण ते कोण बघतो? त्यांनी आठवणीने सगळ्या मजल्यांवर खजूर वाटले होते. ११ तारखेच्या रात्री मला पहिला फोन आला तो खजुरांबद्दल. खाल्ले असतील तर काय करायचं? उरलेत ते टाकायचे का, आणि टाकायचे तर ओल्या कचऱ्यात की सुक्या? त्या दिवसांत कुणालाही फोन लावला की आधी सरकारी खोकला ऐकू यायचा आणि मग माणूस बोलायचा. बी विंगमधल्या एक बाई मात्र अगदी निर्धास्त होत्या. “आम्ही नाही हो ठेवले. परवाच कामवालीला देऊन टाकले,” म्हणाल्या.

६०२च्या काकूंनी शेवटी ग्रुपवर स्वतःच लिहिलं की येऊन दोन आठवडे होत आले, घरात कुणाला ताप नाही, ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन बघून जावं. उत्तरादाखल दोन-चार अंगठे आले. त्यांच्या दारात त्यानंतर बरेच दिवस कुणी वाटी घेऊन विरजणाला गेलं नाही, एवढं मला माहीत आहे.

ग्रुपवर ज्ञानाचा पूर आला होता. लसूण, कापूर, दर पंधरा मिनिटांनी घोटभर गरम पाणी. कोंबडीचा आणि या रोगाचा काडीचा संबंध नसताना चिकनचे भाव असे काही पडले की आमच्या नाक्यावरचा दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून बोलवायचा, आणि रविवारी रांगेत उभं राहून मापात काटा बघणारे आमचे सभासद रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. मास्क आणि सॅनिटायझर आधी गायब झाले आणि मग वाटेल त्या भावाने दिसू लागले. केंद्राने २१ मार्चला भाव बांधून दिले, २०० मिलिलिटरच्या बाटलीला १०० रुपये, पण त्या भावाची बाटली बघायला मिळायला आम्हाला पुढे बराच काळ लागला. सोसायटीसाठी मी पाच लिटरचा कॅन घेतला, त्याला बिल नव्हतं. खजिनदार आजोबांनी, म्हणजे बी-५०१, त्यावरून मला फोनवर अर्धा तास झापलं.

१३ मार्चला राज्यात साथरोग कायदा लागू झाला. आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर यायचे, मी प्रिंट काढून बोर्डात लावायचे. प्रत्येकाच्या डोक्यावर तेच, साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७. एकदा लावता लावता ते साल डोक्यात अडकलं म्हणून शोधून वाचलं. जेमतेम चार कलमांचा कायदा, आणि तो आला तोच मुंबईच्या प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला, आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गेली. घरांच्या झडत्या झाल्या, प्लेगच्या घरांवर रंगाने खुणा केल्या गेल्या. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला, कारण आत नेलेला माणूस परत येत नाही असा लोकांचा समज झाला होता. तेच हॉस्पिटल म्हणजे आजचं कस्तुरबा, आणि आमच्या वेळचे पहिले रुग्णही तिथेच नेले जात होते. १७ मार्चला राज्यातला पहिला मृत्यू झाला तोही कस्तुरबातच. हे सगळं मी बोर्डावर लावलं नाही. धीर यावा असं त्यात काही नव्हतं.

आमच्या स्वतःच्या नियमांना तोवर सुरुवात झाली होती. लिफ्टचं बटण बोटाने दाबायचं नाही. मग कशाने? ए-३०३च्या इंजिनीअर साहेबांनी थर्माकोलचा तुकडा लिफ्टशेजारी चिकटवला आणि त्यात टूथपिक खोचून ठेवल्या. एक काडी घ्यायची, बटण दाबायचं, काडी खालच्या खोक्यात टाकायची. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी वापरलेल्या काड्या उलट्या करून पुन्हा खोचलेल्या सापडल्या. बी विंगमधले एक गृहस्थ स्वतःची एकच काडी पेनासारखी शर्टाच्या खिशाला लावून फिरायचे आणि लिफ्टमध्ये शिरताना ऐटीत काढायचे. वॉचमनला दर तासाला बटणं पुसायला सांगितलं होतं. पण त्याच वॉचमनने आमच्या पाण्याच्या कूलरला हात लावू नये, असाही एक ठराव आला. तो मी दाबून ठेवला.

१८ तारखेच्या सुमारास ए-४०४चा मुलगा लंडनहून परत आला. शिकायला गेला होता, कॉलेज बंद झालं. विमानतळावरूनच त्याचा मला फोन. “काकू, मी येतोय. मला शिक्का मारलाय. लिफ्टने येऊ की जिन्याने?” राज्य सरकारने त्याच आठवड्यात घरी विलग राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर शिक्के मारायला सुरुवात केली होती, मतदानाला लावतात त्या शाईने. पोरगा दोन मोठ्या बॅगा घेऊन चार मजले जिना चढला, मधे कठड्यालाही हात लावला नाही. तो दारात पोचायच्या आत त्याचा फोटो ग्रुपवर आला होता. पाठमोरा, बॅगेवरचा एअरलाइनचा टॅग मोठा करून दाखवलेला.

त्याच सुमारास पालघरला गरीब रथमधून शिक्के असलेल्या चार प्रवाशांना उतरवल्याची बातमी आली, आणि ग्रुपला जोर चढला. याला कस्तुरबात पाठवा. सेव्हन हिल्समध्ये न्या. आमच्याकडे लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. मी पालिकेच्या हेल्पलाइनला, १९१६ला, फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं की घरी राहायला सांगितलेला मुलगा घरीच आहे, मग तुमची तक्रार नेमकी काय आहे? मी हेच ग्रुपवर लिहिलं. तरी कुणाकुणाचे फोन तिकडे जातच राहिले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी पालिकेचे दोघे येऊन उंबऱ्याबाहेरून त्या मुलाशी बोलले, हात बघितला, आणि खाली जमलेल्या आठ-दहा जणांना म्हणाले, “तो आत आहे. तुम्ही कशाला बाहेर जमलात?”

समोरच्या ४०३मध्ये ऐंशीच्या पुढच्या आजी एकट्या राहतात. त्यांनी त्या घरचं दूध आणि पाव आपल्या नावावर घ्यायला सुरुवात केली. पिशवी दोन दारांच्या मधे ठेवायच्या आणि छत्रीच्या मुठीने हळूच पलीकडे सरकवायच्या. मी विचारलं, भीती नाही का वाटत? “वाटते ना, म्हणून तर छत्री,” म्हणाल्या.

२२ मार्चचा जनता कर्फ्यू सगळ्यांना आठवतोच. विषाणू बारा तास जगतो आणि कर्फ्यू चौदा तासांचा आहे, म्हणजे संध्याकाळपर्यंत रोग संपला, असं गणित ग्रुपवर फिरत होतं. पाच वाजता थाळ्या सुरू झाल्या. गॅलऱ्या, खिडक्या, गच्ची, सगळीकडून. आमच्याकडे गणपतीतल्या झांजाही निघाल्या. नेमक्या त्या वेळी बी-१०३मधली सिस्टर ड्युटीवरून गेटातून आत आली. महापालिकेच्या एका हॉस्पिटलात काम करते, सांगलीकडची आहे, आमच्याकडे भाड्याने राहते. सगळ्यांनी वाकून वाकून तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ती बिचारी इतकी गडबडली की चुकून ए विंगमध्येच शिरली. तो व्हिडिओ फार लोकांनी स्टेटसला ठेवला.

त्याच मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. मुंबईला खरी भीती वाटली ती त्या दिवशी, असं माझं मत आहे. पूर, बॉम्बस्फोट, काहीही होवो, दुसऱ्या दिवशी गाडी चालू असते यावर आमचा सगळा धीर टिकून होता. स्टेशनच्या बाजूला राहूनही गाड्यांची घोषणा ऐकू येत नाही, याची सवय व्हायला वेळ लागला. सिस्टर मग अत्यावश्यक सेवेच्या बसने परळला जाऊ लागली, पहाटे साडेपाचला बाहेर.

आठवडा उलटायच्या आत सह्यांचं पत्र आलं. सिस्टर रोज हॉस्पिटलातून ये-जा करतात, त्यातून संपूर्ण सोसायटीच्या आरोग्यास धोका संभवतो, तरी त्यांनी आपली सोय अन्यत्र करावी, अशा अर्थाचं. भाषा सभ्य होती. सह्या करणाऱ्यांत व्हिडिओ काढणारेही होते. डोंबिवलीला राहणाऱ्या घरमालकाला परस्पर फोनही गेले होते, आणि तो घाबरून मला फोन करत होता. सिस्टर रात्री दहाला माझ्या दाराबाहेर येऊन उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. “काकू, जे काय असेल ते आज सांगा. उद्या सकाळची ड्युटी आहे, मला सामान बांधायला वेळ नाही.” चेहऱ्यावर मास्कचे वळ उठलेले.

मी पत्राला लेखी उत्तर दिलं. भाडेकरार रजिस्टर आहे, पोलीस व्हेरिफिकेशन झालेलं आहे, सभासदांनी मांडलेला विषय गंभीर असल्याने तो कमिटीच्या सभेपुढे ठेवल्याशिवाय मला एकटीला निर्णय घेता येत नाही. आता सभा घ्यायची तर कमिटी नऊ जणांची, आणि शहरात जमावबंदी. पाच माणसं जमली तरी गुन्हा. कुणीतरी झूमवर घ्या म्हणालं. मी म्हटलं, आपल्या उपविधींत झूम नाही. सरकारी खात्यात आयुष्य गेलं की फाइल पुढे कशी न्यायची हे कळो न कळो, जागेवर कशी ठेवायची हे पक्कं कळतं. ते पत्र अजून त्या कपाटात आहे. पुढे २२ एप्रिलला केंद्राने अध्यादेश काढून १८९७च्या त्याच कायद्यात दुरुस्ती केली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. त्याची प्रिंट मात्र मी बोर्डाच्या अगदी मध्यभागी लावली, बाकीचे कागद बाजूला सरकवून.

तोवर सिस्टर आमच्याकडे राहतच नव्हती. हॉस्पिटलने कर्मचाऱ्यांची हॉटेलात सोय केली होती. रिकाम्या खोलीचं भाडं ती भरत राहिली.

२४ मार्चला रात्री आठला लॉकडाऊन जाहीर झाला, दुसऱ्या दिवशी पाडवा. भाषण संपायच्या आत खाली मोटारसायकली सुरू झाल्याचे आवाज आले. किराणा दुकानासमोर जी गर्दी उसळली तिच्यात एकमेकांपासून अंतर वगैरे राखायचं म्हटलं तर तांदूळ मिळाला नसता. पाडव्याला झेंडू नाही, श्रीखंड नाही, साखरेची गाठी कुणाकडे मिळाली तर अर्धी अर्धी वाटून घेतलेली. काहींनी गुढीलाही मास्क लावला, ते मला आवडलं नाही. पेपर येणं बंद झालं. भाज्या गच्चीवर उन्हात पसरल्या जाऊ लागल्या, नोटांना इस्त्री होऊ लागली.

कामवाल्या बायका लॉकडाऊनमुळे येणारच नव्हत्या, पण त्याआधीच आमच्याकडे त्यांना बंदी करून झाली होती. आता प्रश्न पगाराचा. बऱ्याच घरांनी न बोलता दिला. काहींनी ‘काम नाही तर पैसे कसले’ असं विचारलं, तेही स्वतः घरी बसून पूर्ण पगार घेत असताना. कचरा नेणारा दादा मात्र आलाच पाहिजे होता. कांजूरमार्गहून चालत यायचा. त्याने सहाच्या आत यावं, जिन्याच्या कठड्याला हात लावू नये, बेल वाजवू नये, पाणी मागू नये. पण कचरा रोज न्यावा, आणि आता सगळे घरी बसून चारी ठाव रांधत असल्याने दुप्पट न्यावा. मी एकदा बसून आम्ही लावलेल्या नोटिसा ओळीने वाचल्या. वॉचमन, दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, बाई, कुरियरवाला. रोग आला होता विमानाने, पासपोर्ट घेऊन. आम्ही अडवत होतो ते सगळे पायी येणारे.

आणि आम्हालाही अडवणारे होतेच. सासूबाईंना राजापूरला गावी जायचं होतं, इथे कोंडल्यासारखं होतं म्हणून. धाकट्या दिरांचा फोन आला. “वहिनी, रागावू नका, पण एवढ्यात कुणी येऊ नका. गावाने रस्त्यावर झाड आडवं टाकलंय. मुंबईवाला घ्यायचा नाही असं ठरलंय.” सासूबाई दोन दिवस जेवणावर रुसल्या. ज्या गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला मुंबईवाल्यांनी पैसे पाठवले, त्या गावाला मुंबईवाले नको होते. त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येईना, कारण गावात डॉक्टर एकच, तोही आठवड्यातून दोनदा येणारा.

एप्रिलच्या मध्याला बी-५०१च्या खजिनदार आजोबांना ताप आला. मुलाने फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी घेतली, खाजगी लॅबचा माणूस घरी येऊन नाकातला नमुना घेऊन गेला, साडेचार हजार रुपये. रिपोर्ट घरच्यांच्या हातात पडायच्या आधी मला पालिकेतून फोन आला, “सेक्रेटरी का? तुमच्याकडे एक पॉझिटिव्ह आहे, गेटवर थांबा.” संध्याकाळी अ‍ॅम्ब्युलन्स आली. पांढऱ्या पोशाखातले दोघे वर गेले, आणि आजोबा त्यांच्या पुढे स्वतःच्या पायांनी जिना उतरत आले, हातात लग्नात मिळालेली कापडी पिशवी. खिडक्याखिडक्यांत मोबाइल धरलेले. मी वर बघून ओरडले, काय ओरडले ते लिहीत नाही. आजोबा चढताना म्हणाले, “चेकबुक डाव्या खणात आहे. सही दुसऱ्याची घे.” काकूंना आणि मुलाला दुसऱ्या गाडीने विलगीकरणाला नेलं. काकूंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि फ्रिजमधलं दूध कुणाला तरी द्या म्हणाल्या. ते कुणी घेणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग बिल्डिंग सील. गेटला बांबू आडवे बांधले, पालिकेचा बॅनर लागला, खुर्ची टाकून एक पोलीस बसला. औषध फवारलं, त्याचा वास नाकातून जाईना. आणि यादी. प्रत्येक घरात माणसं किती, वय काय, साठीच्या पुढचे कोण, मधुमेह, रक्तदाब. ती यादी करताना मला आमच्या बिल्डिंगची नवी ओळख झाली. साठीच्या पुढे कुणी नव्हतंच, सगळ्या बायका अठ्ठावन्नच्या. एकाही घरात साखर नव्हती. गेल्या दिवाळीत फराळाला ‘शुगर-फ्री आहे ना?’ विचारणारी माणसंही ठणठणीत निघाली. कारण हाय रिस्कमध्ये नाव गेलं की उचलून नेतात, असं पसरलं होतं. आजोबांना तर गेल्या दोन आठवड्यांत कुणी भेटलंच नव्हतं. गच्चीवर रोज रात्री पत्त्यांचा अड्डा कोण भरवत होतं, देव जाणे.

यादी पक्की करायला पालिकेच्या आरोग्यसेविका आल्या. साधारण माझ्याच वयाच्या, साडीवर ॲप्रन, ओढणी मास्कसारखी घट्ट बांधलेली, काखेत लांब वही. कोण भेटलं होतं, असं त्यांनी कुणालाच विचारलं नाही. एकेका दारासमोर अंतर ठेवून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, “आजोबांचं शेवटचं भांडण कुणाशी झालं हो?” झालं! बी-३०१ने सांगितलं, ४०२शी, पत्त्यांत डाव लपवला म्हणून. ४०२ने सांगितलं, माझ्याशी कसलं, ए-२०३शी, बुधवारी, गच्चीच्या किल्लीवरून, अगदी तोंडाला तोंड लावून. तासाभरात वहीचं पान भरलं. बाईंनी जिन्यात टोपण लावून पेन ॲप्रनला अडकवलं आणि मला म्हणाल्या, “भांडण कुणी लपवत नाही, ताई.” टेलिफोनमधली माझी सगळी वर्षं त्या बाईंनी एका वाक्यात मागे टाकली. नंतर त्या रोज यायच्या, कपाळासमोर थर्मामीटर धरून ताप बघायच्या. पहिल्या आठवड्यात आमच्यातल्या कुणीही त्यांना बसायला खुर्ची दिली नाही. वॉचमनने स्वतःची दिली.

सील असताना रस्त्यावरून जाणारे लोक आमच्या गेटासमोर आले की चालायचा वेग वाढवायचे. भाजीवाला बांबूच्या पलीकडे पिशव्या ठेवून दूर जाऊन उभा राहायचा आणि पैसे ऑनलाइनच द्या म्हणायचा. नोट घेत नव्हता, आमची नोट. ए-४०४च्या मुलाची मुदत केव्हाच संपली होती, हातावरची शाई पुसट होत आली होती. मजल्यामजल्यावर सामान पोचवायचं काम त्याने अंगावर घेतलं. त्याच्या हातून दूध घ्यायला आता कुणाची ना नव्हती. बी विंगमधल्या त्या खजूरवाल्या बाईंना त्यांच्या कामवालीचा फोन आला. त्यांनीच मला हसत सांगितलं, पण हसू पुरतं आलं नाही. बाई म्हणत होती, “ताई, तुम्ही बऱ्या आहात ना? आमच्या वस्तीत सांगितलंय, तुमच्या बिल्डिंगकडे कुणी फिरकायचं नाही.”

आजोबांच्या लागोपाठ दोन टेस्ट निगेटिव्ह आल्या आणि सील निघायच्या आदल्या दिवशी ते घरी आले. त्या काळी सगळीकडे चालू होतं तसं आमच्याकडेही खिडक्यांतून टाळ्या, कुणी ओवाळायला ताटही काढलं. आजोबांनी हात वर करून थांबवलं, जिना चढून गेले, आणि दहा मिनिटांत मला फोन. फवारणीने दाराचं पॉलिश पांढरं पडलंय, पायपुसणं विटलंय, याचा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा? शिवाय त्या पाच लिटरच्या कॅनचं बिल अजून आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस आपली खुर्ची घडी करून निघून गेला, बांबू आमच्याच माणसांनी सोडले. संध्याकाळी ए-२०४वाल्यांचा मेसेज आला. वरच्या ३०४मधून त्यांच्या बाथरूममध्ये गळती होते, ती आता वाढली आहे, प्लंबर ताबडतोब पाठवावा. मी उत्तर दिलं की बाहेरच्या माणसाला अजून प्रवेश नाही, नियम सोसायटीनेच केलाय, आणि त्या ठरावाचे सूचक आपणच आहात.

त्यावर त्यांचं लगेच उत्तर आलं, “पण मॅडम, आपला प्लंबर बाहेरचा कुठे? तो तर पंधरा वर्षं येतोय.”

मी विचारलं, त्याचं नाव काय? एन्ट्री रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग त्यांनी त्याचा मोबाइल नंबर पाठवला, ‘प्लंबर मुलुंड’ म्हणून सेव्ह केलेला.